पायाखालचा पत्रा

सोमवार सकाळ. ऐरोलीतल्या आमच्या ऑफिसचं गेट. मागे पाच गाड्यांचा हॉर्न-ऑर्केस्ट्रा, समोर सिक्युरिटीवाला हात पसरून उभा, आणि माझं आयकार्ड डॅशबोर्डवरून घसरून डाव्या सीटखाली गायब. मी वाकले, हात आत घातला आणि बोटं थेट ओल्या कार्पेटमध्ये रुतली. नुसतं दमट नाही हं. अगदी चिंब! रात्रभर भिजवलेल्या पायपुसण्यासारखं.

आयकार्ड मिळालं. पण बोटांना काहीतरी तपकिरी लागलं होतं. चहा सांडला असेल म्हणून मी टिश्यूला पुसलं आणि लिफ्टकडे पळाले. साडेनऊचा कॉल होता ना! डेडलाइनवाल्या माणसाला सगळे डाग चहाचेच वाटतात.

रविवारी जरा निवांत होते, म्हणून खाली जाऊन मॅट काढली, कार्पेटचं टोक उचकटलं. खाली पापुद्रे. तपकिरी, खुसखुशीत, एकावर एक. खारी बिस्किटाचे असतात ना, डिट्टो तसे. स्क्रू-ड्रायव्हरने हळूच टोचून बघितलं आणि... तो आरपार गेला. गाडीच्या आत बसून मला सोसायटीच्या पार्किंगची फरशी दिसत होती!

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते ऐकून होते. इथे पायाखालचा पत्राच सरकला होता, आणि जमीन मात्र जागच्या जागी होती.

आता थोडं गाडीबद्दल. ही गाडी माझी नाही. म्हणजे चालवते मी, पेट्रोल मी भरते, ईएमआय कुणीच भरत नाही, कारण बाबांनी 2012 मध्ये रिटायर झाल्यावर ती रोख घेतली होती. आयुष्यभर लोकलने प्रवास केलेल्या माणसाची पहिली गाडी. मी ड्रायव्हिंग शिकले ते हिच्यावरच. 'क्लच सोड... हळू सोड गं... अगं क्लच आहे, माहेर नाही, सोडवेल तुला!' असे डायलॉग ऐकत. बाबांचा गुडघा कुरकुरायला लागल्यापासून स्टिअरिंग माझ्याकडे आलं आणि ते डाव्या सीटवर सरकले. मंगळवारी आणि शनिवारी त्यांना फिजिओथेरपीला सोडायचं आणि तिथून मी पुढे, असं आमचं टाइमटेबल.

आणि बाबांबरोबर यायची त्यांची छत्री. लांब दांड्याची, काळी, जुन्या जमान्यातली. पावसाळ्यात ती निथळत आत यायची आणि त्यांच्या पायाशी आडवी व्हायची. कुठे? बरोब्बर डाव्या सीटच्या पुढे. जिथे कार्पेट ओलं होतं, जिथे पत्रा सडला होता, तिथेच.

केस क्लोज्ड! मी वर गेले आणि बोलायला लागले. काय बोलले ते सगळं छापत नाही, माझीच लाज आहे. पण 'किती वेळा सांगितलं ती छत्री पिशवीत घाला म्हणून', 'तुम्हाला वस्तूंची किंमतच नाही' हे त्यातलं सौम्य. वस्तूंची किंमत नाही, हे मी कुणाला सांगत होते? ज्या माणसाने गाडीच्या सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक दोन वर्षं काढू दिलं नव्हतं त्याला!

बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या मंगळवारी मी किल्ली घेऊन उभी, तर ते चपला घालून दारात. 'तू जा. मी रिक्षाने जाईन. उगाच तुझी गाडी भिजायला नको.' 'तुझी गाडी' म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

आता तुम्ही म्हणाल, मग सॉरी म्हणून मोकळं व्हायचं. पण मी बरोबर होते ना! बरोबर असलेल्या माणसाला सॉरी म्हणणं किती जड जातं, हे अप्रेझलच्या सीझनमध्ये आपण सगळेच अनुभवतो.

गाडी घेऊन मी एका चकाचक गॅरेजात गेले. तिथे वेटिंग रूममध्ये एसी, कॉफी मशीन आणि गुळगुळीत मासिकं होती. तिथल्या मुलाने भोक बघितलं, 'कॉमन आहे मॅम' म्हणाला. वरून एक पत्र्याचा तुकडा चिकटवला, खालून काळं अंडरबॉडी कोटिंग फवारलं आणि आत सेव्हन-डी मॅट बसवली. दिसायला एकदम झकास. 'आता खाली काय आहे ते कुणाला कळणार पण नाही,' असं तो म्हणाला. मला ते आश्वासन वाटलं. त्यातली धमकी मला नंतर कळली.

दिवाळी गेली, थंडी गेली. गाडी कोरडी ठणठणीत. बाबा रिक्षानेच जात होते. मी मनात म्हणत होते, बघा, छत्री गेली आणि प्रॉब्लेम गेला.

मग मे महिना आला. ठाण्यातला मे म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. घामाने शर्ट पाठीला, आणि आकाशात ढगाचा तुकडा नाही. एका संध्याकाळी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकले असताना नाकात तोच वास शिरला. ओल्या गोणपाटाचा. घरी येऊन सेव्हन-डी मॅटचं टोक उचललं. खालचं कार्पेट चिंब!

विचार करा. आठ महिन्यांत पाऊस नाही. छत्री माळ्यावर. बाबा गेल्या जुलैपासून गाडीत बसलेले नाहीत. आरोपी नंबर एककडे अशी अॅलिबाय होती, की कुठलंही कोर्ट त्याला हार घालून सोडेल.

त्या रात्री मला पत्र्यापेक्षा स्वतःचीच जास्त काळजी वाटली.

या वेळी कॉफी मशीनवाल्या गॅरेजला नमस्कार केला आणि वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या डेंटर चाचांकडे गेले. टपरीएवढं दुकान, बाहेर ठोकाठोकी चालू. चाचांनी आधी मॅट काढून बाहेर फेकली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, 'मॅडम, गंज चोर नाय. गंज म्हणजे चोरी झाली तो पुरावा. चोर पाणी आहे. आधी पाणी कुठनं येतं ते शोधू, पत्रा मग बघू. नायतर मी आज मारलेला पत्रा तुम्ही दोन वर्षांनी परत घेऊन याल. माझा धंदा होईल, पण तुमचं काय?'

शाळेत आपण शिकलो होतो ते एवढंच, की लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज. हवा थांबवता येत नाही, लोखंड बदलता येत नाही, उरतं पाणी. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसला की तो घट्ट धरून राहतो आणि आतल्या धातूला वाचवतो. लोखंडाचा गंज मात्र फुगतो, पापुद्र्यासारखा सुटतो आणि खालचा ताजा धातू पुढच्या घासासाठी मोकळा करतो. म्हणूनच वरून रंग मारून तो थांबत नाही. दिल्लीत कुतुबमिनारशेजारचा लोहस्तंभ सुमारे 1600 वर्षं उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, आणि त्याने वर एक संरक्षक थर धरलाय. शिवाय त्याच्यावर कुणी ओलं कार्पेट पसरून वर सेव्हन-डी मॅट दाबलेली नाही!

चाचांनी तपास सुरू केला तो कुठल्याही क्राइम सीरियलला लाजवेल असा. एकेका संशयिताला समोर आणायचं, उलटतपासणी घ्यायची, सुटला तर सोडून द्यायचं.

संशयित पहिला, खाडीची खारी हवा आणि रस्त्यातली डबकी. पाण्यात मीठ असलं की गंज जोरात चढतो, हे खरं. पण चाचांनी गाडी जॅकवर घेतली आणि खालून पत्रा खरवडून दाखवला. भोकाच्या आजूबाजूला कंपनीचा मूळ थर शाबूत होता, आणि पत्रा वरच्या बाजूने खाऊन खाऊन पातळ झाला होता. 'गंज वरून खाली आलाय. खालून वर नाय.' म्हणजे पाणी आतच साचत होतं. हवा आणि रस्ता दोघंही निर्दोष.

संशयित दुसरा, गाडी धुणारा पोरगा. त्याला मी आधीच विचारून झालं होतं. 'मॅडम, आतून मी सुकं फडकंच मारतो,' असं तो बिचारा शपथेवर सांगत होता. चाचा म्हणाले, फडक्याच्या पाण्याने पत्रा सडत असता तर मुंबईत एक गाडी उरली नसती. सुटला.

संशयित तिसरा, कूलंट. हीटरला जाणाऱ्या पाइपातून किंवा हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून ते गळलं की तेही डाव्या पायाशीच उतरू शकतं. पण कूलंटला रंग असतो, चिकटपणा असतो, गोडसर वास असतो. चाचांनी पांढरा टिश्यू कार्पेटवर दाबला. पाणी नितळ, वास फक्त कुबट. बॉनेट उघडून बघितलं तर कूलंटच्या बाटलीतली लेव्हलही जागेवर. (चव घेऊन बघायचा मोह कुणाला झालाच तर सांगून ठेवते, कूलंट विषारी असतं.) सुटलं.

संशयित चौथा, पावसाचं पाणी. काचेच्या कडेचं सील, दाराचं रबर बीडिंग, दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं, आणि वायपरखालची ती जाळी, जिथे झाडाची पानं साठून निचरा तुंबतो आणि पाणी ब्लोअरमधून आत येतं. मे महिन्यातली ओल बघता याच्यावर संशय कमी होता, पण चाचांना 'कमी' चालत नव्हतं. कार्पेट पूर्ण काढलं, फ्लोअर कोरडा केला, त्यावर वर्तमानपत्रं अंथरली. मी टॉर्च घेऊन आत. बाहेर चाचांच्या पोऱ्याने पाइप धरला. आणि एक नियम, पाणी नेहमी खालून वर मारत न्यायचं. आधी दाराचा तळ, दहा मिनिटं. मग बीडिंग, दहा मिनिटं. मग वायपरची जाळी, मग काच, शेवटी टप. एकदम वरून ओतलं तर ते सगळीकडून वाहतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. पाऊण तास मी आत उकडत बसले होते, कारण एसी लावायला मनाई होती. वर्तमानपत्रावर एक थेंब नाही. अग्रलेखसुद्धा कोरडा.

'आता पाइप बंद,' चाचा म्हणाले. 'एसी चालू. फुल्ल.'

वीस मिनिटांनी डॅशबोर्डच्या खाली, कार्पेट जिथून सुरू होतं तिथे, एक चकाकती रेघ दिसली. मग एक थेंब. मग दुसरा. खेळाच्या पानावरचा बॅट्समन हळूहळू काळा पडत गेला.

चाचांनी मला बाहेर बोलावलं आणि गाडीखाली बघायला सांगितलं. मी वाकले. खाली काहीच नव्हतं, फरशी कोरडी. 'हाच तर प्रॉब्लेम,' ते म्हणाले. 'इथे पाणी पाहिजे.'

तर मंडळी, हे असं आहे. डॅशबोर्डच्या मागे एसीची थंड जाळी असते. आपली दमट हवा तिच्यावर आदळली की थंड बाटलीवर येतो तसा तिला घाम फुटतो. आपल्या दमट हवेत तासाभरात अर्धा लिटर पाणी सहज. ते खालच्या ट्रेमध्ये जमतं आणि एका बोटभर रबरी पाइपमधून गाडीखाली टपकतं. ती पाइप तुंबली की ट्रे भरतो, पाणी सांडतं, आणि आपल्याकडे डावीकडे बसणाऱ्याच्या पायाशी उतरतं. कार्पेटखालचा जाड फोम ते स्पंजासारखं धरून ठेवतो. वर वॉटरप्रूफ मॅट असली तर वाळायचा प्रश्नच नाही. पावसाळ्यात काचेवरचं धुकं घालवायला आपण एसी लावतोच, हवाही जास्त दमट, म्हणून ओल जास्त. थंडीत एसी बंद, म्हणून कोरडं. सगळं जुळलं! मी बिल पावसावर फाडत होते आणि पाणी एसीचं होतं.

चाचांनी खालून ती पाइप काढली. आधी काहीच नाही, मग पचकन् मातीचा गोळा पडला आणि मागोमाग एक मगभर घाणेरडं पाणी. गोळा फोडून बघितला. आत सुबक खोल्या. कुंभारमाशीचं घर! ती नाही का, खिडकीच्या कोपऱ्यात मातीचं बांधकाम करते. 2020 च्या लॉकडाउनमध्ये आमची गाडी महिनोन्‌महिने एका जागी उभी होती. सगळं जग घरात बसलेलं असताना या बाईंनी वन बीएचके बुक केला होता. त्यावर पुढची वर्षं धूळ आणि बुळबुळीत थर साचत गेला. तार खुपसून हे साफ करायच्या भानगडीत पडू नका हं, आतली जाळी फुटली तर एसीचं काम निघेल. पाइप काढून धुवायची, नाहीतर खालून हलकी हवा मारायची.

पत्र्याचं काम मग चार दिवस चाललं. सीट काढल्या, बॅटरीची वायर काढली, फोम उन्हात वाळत घातला. चिकटवलेला तुकडा तर हातानेच निघाला आणि त्याखाली भोक दुपटीने वाढलेलं! चाचांनी सडका भाग ताजा पत्रा लागेपर्यंत कापला, नवा तुकडा वेल्ड केला, वर प्रायमर, सांध्यांना सीलर, मग रंग, आणि सगळं वाळल्यावरच खालून कोटिंग. मी विचारलं, एवढं कशाला, तळच तर आहे. त्यावर त्यांनी सीटचे बोल्ट दाखवले. आजच्या छोट्या गाड्यांना वेगळी चॅसिस नसते. हा पत्राच गाडीचा कणा, आणि सीट ज्या आडव्या पट्टीवर बसते ती यालाच वेल्ड केलेली. पट्टीपर्यंत गंज जायला बोटभर अंतर उरलं होतं. त्या सीटवर बाबा बसायचे.

2027 मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील. आरसी रिन्यू करायला ती आरटीओत तपासणीला न्यावी लागेल. आता मी बिनधास्त नेईन. बिल? गोव्याच्या एका लाँग वीकेंडएवढं. या वर्षी गोवा कॅन्सल.

पण खरं काम घरी होतं. मातीचा तो गोळा मी प्लॅस्टिकच्या डब्यात घालून आणला होता. बाबा पेपर वाचत होते. त्यांच्यासमोर डबा ठेवला आणि सगळं सांगितलं. माशी, पाइप, ट्रे, वर्तमानपत्र. शेवटी म्हणाले, 'सॉरी बाबा. छत्रीचं काही नव्हतं. तुम्ही उगाच बोलणी खाल्लीत.'

त्यांनी गोळा हातात घेऊन निरखला. बराच वेळ. मग म्हणाले, 'म्हणजे माझंच चुकलं.'

'तुमचं कसं?'

'अगं, शेजारच्या काकांना मी दर उन्हाळ्यात ऐकवायचो. तुमची गाडी बघा कशी गळते, आणि आमची बघा, एक थेंब सांडत नाही! तेव्हाच कळायला हवं होतं.'

आणि मला आठवलं, खरंच! पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांखाली ओले गोल असायचे आणि आमच्या गाडीखाली नसायचा. इतकी वर्षं पुरावा आमच्या डोळ्यांसमोर होता, आणि आम्ही दोघं त्याचा अभिमान बाळगून होतो. एक मात्र सांगते, बाबांनी स्वतःवरचा आरोप अर्ध्या मिनिटात मान्य केला. मला दहा महिने लागले होते.

त्या शनिवारी ते डाव्या सीटवर येऊन बसले. छत्री घेऊन. जूनचा पहिला पाऊस होता, ती निथळत होती. मी काही बोलले नाही. त्यांनीच खिशातून पिशवी काढली आणि छत्री त्यात घातली. मी ती पिशवी काढून घेतली. त्यांनी ती परत घेतली. पहिल्या सिग्नलपर्यंत हाच कार्यक्रम चालला होता.

तुमच्याकडे गाडी असेल तर आजच एक करा. एसी अर्धा तास चालवा, उतरा आणि खाली वाका. पाणी दिसलं तर खुशाल वर या. नाही दिसलं तर मॅट उचला, आणि कुणाला बोलायच्या आधी कार्पेटखाली हात घाला.

परवा आम्ही दोघं पार्किंगमध्ये उतरत होतो. शेजारचे काका समोरून आले, थांबले, आमच्या गाडीखाली बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांचा हिशोब होता बिचाऱ्यांचा.

'काय हो, तुमची गाडी गळायला लागली वाटतं!'

बाबा वाकले. एसीच्या पाण्याचं छोटंसं डबकं त्यांनी डोळे भरून बघितलं.

'गळू दे हो,' ते म्हणाले. 'बाहेर गळतेय ना!'